ट्युलिपची शेतं बघायची असतील तर नेदरलँड्सला कधी जावं आणि कुठे राहावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई-वडील सत्तरीचे, वडिलांचे गुडघे दुखरे, हातात दहा दिवस. आईंना कितीतरी वर्षांपासून ट्युलिपची शेतं बघायची आहेत, ते दूरवर गेलेले लाल, पिवळे, जांभळे पट्टे. टूर कंपनीने 30 मार्च ते 8 एप्रिल अशा तारखा दिल्यात, त्यात चार देश आहेत आणि क्यूकेनहॉफच्या बागेला अर्धा दिवस. या तारखा बरोबर आहेत का, आपलं आपण आखून जाता येईल का, जोडीला फ्रान्समधल्या जिव्हर्नीला चित्रकार मोनेच्या बागेतली कमळं बघून होतील का, आणि येताना ट्युलिपचे कंद आणता येतील का, असे तुमचे चार प्रश्न आहेत.

वसंतातल्या फुलांच्या सहली आखून देणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे, आणि या सहलीबद्दल येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: क्यूकेनहॉफ म्हणजेच ट्युलिपची शेतं. तसं नाही. क्यूकेनहॉफ ही लिस गावातली आखीव बाग आहे. शेतं तिच्या आजूबाजूला आहेत, पण ती शेतकऱ्यांच्या मालकीची. दोन्हींचं वेळापत्रक वेगळं चालतं. आईंच्या मनात जे चित्र आहे ते शेतांचं आहे, आणि टूर कंपनी विकतेय ती बाग. म्हणून आधी हे दोन्ही नीट वेगळं करून सांगते, मग तारखांकडे येते.

बाग आधी. क्यूकेनहॉफ साधारण 32 हेक्टरची आहे. 1857 मध्ये यान डेव्हिड झोखर आणि त्यांचा मुलगा या उद्यानरचनाकारांनी ती इंग्रजी धाटणीत आखली. अ‍ॅमस्टरडॅमचं व्हाँडेलपार्क हेही त्यांचंच काम. कंदफुलांचं प्रदर्शन म्हणून ती लोकांसाठी खुली झाली 1950 मध्ये. दर शरद ऋतूत इथे सुमारे 70 लाख कंद हाताने लावले जातात आणि बाग वर्षातून फक्त आठेक आठवडे उघडते: 2024 साली 21 मार्च ते 12 मे, 2025 साली 20 मार्च ते 11 मे. या आठ आठवड्यांत कुठल्याही दिवशी आलेल्या माणसाला फुलं दिसलीच पाहिजेत, हे त्या बागेचं वचन आहे. त्यासाठी एकाच वाफ्यात कंद थरांनी लावतात. सगळ्यात खोल उशिरा फुलणारे ट्युलिप, त्याच्या वर लवकर फुलणारे, अगदी वर क्रोकस ही लवकर फुलणारी छोटी फुलं. एक थर सरला की खालचा वर येतो. शिवाय बंदिस्त दालनांत ट्युलिप, ऑर्किड वगैरेंची प्रदर्शनं सतत चालू असतात, त्यामुळे बाहेर थंडीने सगळं अडलेलं असलं तरी आत रंग असतो. थोडक्यात, बागेच्या बाबतीत तुम्ही फारसे चुकू शकत नाही.

शेतांचं तसं नाही, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर तारखा ठरवणं सोपं जातं. तो शेतकरी फूल विकत नाही, जमिनीखालचा कंद विकतो. कंद मोठा व्हायला हवा असेल तर झाडाची ताकद फुलात आणि बीमध्ये जाऊन चालत नाही. मग तो शेत फुलूच का देतो? तर तपासणीसाठी. फूल उमललं की कळतं की लाल वाणाच्या रांगेत चुकून पिवळा मिसळलाय का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकळ्यांवर विषाणूचे पट्टे आलेत का. रोगट झाडं तेव्हाच हुडकून उपटून टाकतात. हे काम झालं की यंत्र फिरतं आणि सगळ्या शेताची फुलं छाटली जातात. हिरवी पानं मागे राहतात, ती उन्हाळ्यापर्यंत कंद पोसतात. सकाळी लाल असलेलं शेत संध्याकाळी हिरवं, असं खरोखर घडतं. ते कुठल्या दिवशी होणार हे पर्यटक तर सोडाच, शेजारचा शेतकरीही सांगू शकत नाही. म्हणून "बहराचा नेमका दिवस कोणता" या प्रश्नाच्या मागे लागू नका. आठवडा पकडायचा आणि त्या भागात सलग तीन-चार दिवस हाताशी ठेवायचे, एवढंच आपल्या हातात असतं.

आणखी एक. मागच्या वर्षीच्या फोटोतली जागा नकाशावर शोधून तिथे जाण्याचा बेत करू नका. जमिनीत रोग साचू नयेत म्हणून एकाच शेतात दरवर्षी ट्युलिप घेत नाहीत, पिकं फिरवतात. जिथे ट्युलिप होते तिथे यंदा हायसिंथ हे दुसरं कंदफूल असेल, नाहीतर नुसतं गवत.

आता तारखा. हार्लेम आणि लायडन या दोन शहरांच्या मध्ये, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांच्या आतल्या बाजूला जो पट्टा आहे त्याला बोलनस्ट्रीक म्हणतात. क्यूकेनहॉफ त्याच्या मधोमध आहे. इथे फुलांचा क्रम ठरलेला असतो, तारखा हवामानाप्रमाणे पुढे-मागे सरकतात. मार्चमध्ये क्रोकस. मार्चच्या शेवटापासून डॅफोडिल आणि मग हायसिंथ, साधारण मध्य एप्रिलपर्यंत. मध्य एप्रिल ते मेच्या सुरुवातीपर्यंत ट्युलिप. ट्युलिपच्या कंदाला आधी बारा-सोळा आठवडे थंडी लागते आणि मग उबेची चाहूल. थंडी लांबली तर सगळं आठवडाभर किंवा त्याहून जास्त पुढे जातं. मार्च उबदार गेला तर तितकंच अलीकडे येतं. एप्रिलमध्ये अचानक कडक ऊन पडलं तर फुलं भराभर उमलून लवकर झडतात. त्यामुळे सहलीत गार, ढगाळ हवा मिळाली तर नाराज होऊ नका, फुलांना तीच मानवते.

हे लक्षात घेतलं तर 30 मार्च ते 8 एप्रिल या तारखांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आईंसाठी त्या बऱ्याच लवकरच्या आहेत. बाग सुंदर असेल, डॅफोडिल भरात असतील, शेतांत हायसिंथचे निळे, गुलाबी, पांढरे पट्टे आणि त्यांचा तो दाट सुगंध असेल. हायसिंथची शेतं मला स्वतःला ट्युलिपइतकीच आवडतात. पण ज्या माणसाने इतकी वर्षं ट्युलिपचं चित्र मनात ठेवलंय, त्याला "अजून दोन आठवडे आहेत हो" हे तिथे उभं राहून ऐकावं लागू नये. एखाद्या वर्षी वसंत लवकर आला तर पहिल्या आठवड्यातही थोडे ट्युलिप दिसतात, पण त्यावर एवढ्या लांबचा प्रवास बेतणं मला पटत नाही.

माझ्या अनुभवात बाग आणि शेतं दोन्ही मिळण्याची सगळ्यात चांगली शक्यता 15 ते 28 एप्रिलच्या दरम्यान असते. तुम्ही 17-18 एप्रिलच्या आसपास पोहोचा आणि फुलांचे दिवस सहलीच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे वसंत लवकर आलेला असेल तरी शेतं छाटली जाण्याआधी तुम्ही तिथे असाल. वसंत उशिरा आला असेल तर? तरी 20 तारखेपर्यंत काही शेतं उमललेली असतातच, कारण लवकर आणि उशिरा फुलणारे वाण वेगवेगळे असतात. आणि फारच उशिरा गेलात, म्हणजे मे उजाडला, तर बोलनस्ट्रीकचा हट्ट सोडून उत्तरेकडे सरकायचं. डेन हेल्डर आणि आना पावलोव्हनाच्या बाजूला, उत्तर हॉलंडच्या टोकाला, कंदांची प्रचंड शेती आहे. पूर्वेला नूर्डओस्टपोल्डरमध्ये, एमेलोर्ड गावाभोवती, समुद्र हटवून मिळवलेल्या सपाट जमिनीवर लांबच लांब शेतं आहेत. या दोन्हीकडे बहर थोडा मागाहून येतो. क्षितिजापर्यंतचे पट्टे म्हणतो ते फोटो बऱ्याचदा इथलेच असतात, क्यूकेनहॉफच्या आसपासचे नव्हे. फक्त तिथे बसची सोय विरळ आहे, गाडी हवी.

एप्रिलच्या या काळात दोन गोष्टी आडव्या येऊ शकतात. एक ब्लूमेनकोर्सो, म्हणजे फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक. एप्रिलच्या मधल्या एखाद्या शनिवारी ती नूर्डवाइकहून निघून क्यूकेनहॉफवरून हार्लेमला जाते, साधारण चाळीस किलोमीटर. बघण्यासारखी आहेच, पण त्या दिवशी रस्ते बंद असतात, बस वळवलेल्या असतात आणि बागेत पाय ठेवायला जागा नसते. दुखऱ्या गुडघ्यांना घेऊन त्याच दिवशी क्यूकेनहॉफ करू नये. मिरवणूक बघायचीच असेल तर मुक्कामाच्या शहराजवळ, रस्त्याकडेला, घडीची खुर्ची घेऊन बघा आणि बागेसाठी दुसरा दिवस ठेवा. आडवी येणारी दुसरी गोष्ट म्हणजे 27 एप्रिल, राजाचा वाढदिवस. तारीख रविवारी आली तर तो 26 ला साजरा करतात. अख्खा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर असतो. तरुण माणसांना मजा आहे; तुमच्या आई-वडिलांसाठी मी त्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यवर्ती भागात हॉटेल घेणार नाही. ईस्टरची सुट्टी कधी पडते तेही बघून घ्या, त्या शनिवार-रविवारी गर्दी दुप्पट वाटते.

राहायचं कुठे? बहुतेक जण सवयीने अ‍ॅमस्टरडॅम निवडतात. मी लायडन सुचवते आणि त्यावर ठाम आहे. लायडनच्या मुख्य स्टेशनसमोरून क्यूकेनहॉफची 854 क्रमांकाची बस सुटते, अर्ध्या तासाच्या आत बागेच्या दारात. स्किपोल विमानतळावरून लायडनला थेट रेल्वे आहे, पंधरा-वीस मिनिटांची. हेग जवळ, हार्लेम जवळ, अ‍ॅमस्टरडॅमलाही एका दिवसात जाऊन येता येतं. शहर लहान, सपाट, कालव्यांच्या काठाने चालण्यासारखं. शिवाय अ‍ॅमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर लागतो, तोही हिशेबात धरा. लायडनला खोली मिळाली नाही तर हार्लेम. तिथूनही हंगामात बागेची बस असते. स्किपोलहून थेट जाणारी 858 आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राय स्टेशनवरून जाणारी 852 याही आहेत, पण 858 ला सकाळी दहानंतर जी रांग लागते ती सत्तरीच्या माणसांना सोसवणारी नाही.

लायडन सुचवण्याचं आणखी एक कारण आहे, ते फुलांशी जोडलेलं. या शहरातल्या विद्यापीठाची वनस्पतिबाग 1590 पासूनची. कॅरोलस क्लूसियस हे वनस्पतिशास्त्रज्ञ 1593 मध्ये तिचे प्रमुख म्हणून आले, येताना कंद घेऊन आले, आणि 1594 च्या वसंतात तिथे ट्युलिप फुलला. या देशाचं ट्युलिपवेड त्या बागेतून पसरलं. पुढे 1637 मध्ये कंदांचे भाव आभाळाला भिडून कोसळले ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. क्लूसियसची छोटी बाग तिथे पुन्हा उभी केली आहे. क्यूकेनहॉफच्या आधी एक संथ दुपार तिथे घालवा. मोजके ट्युलिप, प्रत्येक वेगळा उभा. त्यानंतर लाखो फुलं बघताना नजर वेगळी होते.

आईंना फुलांची खरी ओढ असेल तर आणखी एक जागा आहे, जी टूर कंपन्यांच्या यादीत सहसा नसते: अल्कमारच्या दक्षिणेला लिमेन गावात होर्टस बल्बोरम. बाजारातून नाहीसे झालेले जुने वाण जपणारी ही बाग आहे, चार हजारांहून अधिक वाण. त्यात 1595 सालचा 'ड्यूक व्हॅन टोल' हा लाल-पिवळा ट्युलिपही आहे. सजावट अशी काही नाही, नुसत्या ओळी आणि पाट्या. पण जुने ट्युलिप किती नाजूक, किती निमुळत्या पाकळ्यांचे असत ते इथे कळतं. वर सांगितलेला विषाणू आठवतो ना, ज्याच्यासाठी आज शेतकरी झाडं उपटून टाकतात? सतराव्या शतकात त्याच विषाणूने रंगलेल्या, ज्वाळांसारख्या रेषांच्या ट्युलिपसाठी लोकांनी अफाट किंमत मोजली. मावा ही कीड तो विषाणू पसरवते हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. क्यूकेनहॉफचं भव्यपण बघून थकल्यावर ही बाग फार बरी वाटते. एप्रिल आणि मेच्या सुरुवातीपुरतीच उघडी असते.

आता क्यूकेनहॉफचा दिवस नीट आखू. तिकीट ऑनलाइन घ्यावं लागतं, त्यात प्रवेशाची वेळ निवडायची असते. मोठ्या माणसाला सुमारे 20 युरो. बससकट एकत्रित तिकीटही मिळतं, तुमच्यासाठी तेच सोयीचं. सोमवार ते गुरुवारमधला दिवस घ्या. बाग आठला उघडते. एक तर आठची वेळ घ्या, नाहीतर दुपारी साडेतीननंतरची. अकरा ते तीन या वेळात टूर बस एकामागून एक येत असतात आणि तुमच्या टूर कंपनीचा अर्धा दिवस नेमका त्याच वेळात पडतो. सकाळचा एक तोटा सांगून ठेवते: थंडीत ट्युलिप मिटलेले असतात, ऊन वर आलं की उघडतात. तरीही सकाळी आठला शिरून आधी कालव्याकाठचे आणि झाडांखालचे वाफे बघावेत, दहानंतर गर्दी वाढली की दालनांत बसून घ्यावं.

वडिलांची काळजी इथे करू नका. रस्ते पक्के आणि जवळजवळ सपाट आहेत, बाकं भरपूर आहेत आणि चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवता येते. ती घ्याच. बागेतल्या पायवाटा सगळ्या मिळून पंधराएक किलोमीटर भरतात. गुडघे बरे असलेला माणूसही चार तासांत थकतो. खुर्ची असली की वडील बसून फिरतील, बसायचा कंटाळा आला की ते चालतील आणि तुम्ही तिच्यावर सामान ठेवाल. आत जुनी पवनचक्की आहे, तिच्या सज्जातून पलीकडची शेतं दिसतात, पण जिना चढावा लागतो. त्यापेक्षा पवनचक्कीजवळून आवाज न करणाऱ्या विजेच्या नावा सुटतात, त्या कालव्यांतून शेतांच्या कडेने फिरवून आणतात. फार चालता न येणाऱ्या माणसाला शेतं जवळून दाखवण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. पोहोचल्याबरोबर नावेचं तिकीट काढा, दुपारपर्यंत संपतात.

शेतांसाठी दुसरा दिवस ठेवा, बागेच्याच दिवशी कोंबू नका. धडधाकट माणसांना मी सायकल सुचवते. बागेच्या दाराशी भाड्याने मिळते, रस्ते सपाट, सायकलींच्या वाटांवर क्रमांक लिहिलेले असतात, त्यांच्यावरून वाट काढता येते. अडचण फक्त समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची. तुमच्या घरच्यांसाठी अर्ध्या दिवसाची गाडी आणि चालक घ्या, आणि लिस, हिलेगॉम, दे झिल्क, नूर्डवाइकरहाउट, फोरहाउट अशी गावं छोट्या रस्त्यांनी फिरा. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारा, कुठल्या बाजूला अजून फुलं उभी आहेत. तिथल्या माणसांना ते माहीत असतं. त्या आठवड्यातले ताजे फोटो समाजमाध्यमांवर बघा, तारीख तपासून. आणि एक जवळजवळ फुकटची युक्ती: लायडन ते हार्लेम जी रेल्वे फोरहाउट आणि हिलेगॉमवरून जाते, ती सरळ कंदांच्या शेतांतून जाते. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी संथ गाडी पकडा, जाताना एका बाजूच्या खिडकीत बसा, येताना दुसऱ्या. वडील एक पाऊलही न चालता शेतं बघतील.

शेतात मात्र उतरू नका, कडेला उभं राहूनच फोटो काढा. ती खाजगी जमीन आहे. बुटांना लागलेल्या मातीतून एका शेतातले रोग दुसऱ्यात जातात, आणि रांगांमधून चालताना मोडलेली पानं म्हणजे तेवढे कंद वाया. दरवर्षी लोक फोटोसाठी आत घुसतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी आता दोऱ्या आणि पाट्या लागल्या आहेत. काही शेतकरी थोडे पैसे घेऊन स्वतःच्या शेतात रीतसर जाऊ देतात. आईंना फुलांमध्ये उभं राहायचं असेल तर अशी जागा शोधा.

कपड्यांबद्दल थोडंच. एप्रिलमध्ये दिवसा बारा-चौदा अंश, सकाळी चार-पाच. एका दिवसात ऊन, पाऊस आणि बोचरा वारा तिन्ही येतात. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा थरांचे कपडे आणि वारा अडवणारं, भिजत नसलेलं जाकीट हवं. छत्री वाऱ्यात टिकत नाही. घरात कुणाला दमा किंवा परागकणांचा त्रास असेल तर औषधं बरोबर ठेवा: ट्युलिपमुळे नव्हे, एप्रिलमध्ये तिकडे बर्च झाडांचे पराग उडत असतात म्हणून. रेल्वे-बससाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही, बँकेचं संपर्करहित कार्ड दारातल्या यंत्राला लावून चढता-उतरता येतं. पण एका कार्डावर एकच माणूस. आई-वडील दोघांकडे आपापलं कार्ड हवं, आणि उतरल्यावर ते पुन्हा लावायला विसरलं तर जादा पैसे कापले जातात.

जिव्हर्नीचं सांगते. मोने तिथे 1883 पासून 1926 मध्ये वारले तोवर राहिले. बाग दरवर्षी 1 एप्रिलला उघडते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होते. पण कमळं एप्रिलमध्ये नसतात. ती उन्हाळ्याची, जूननंतरची. एप्रिलच्या शेवटी तिथे ट्युलिप, फर्गेट-मी-नॉटच्या निळ्या गाद्या, आणि नशीब असेल तर बागेतल्या जपानी पुलावरची विस्टेरियाची वेल उमलायला लागलेली असते. हेही सुंदरच आहे. म्हणून निर्णय असा करा: कमळांसाठी जाणार असाल तर या सहलीतून जिव्हर्नी काढून टाका. बागेसाठी जाणार असाल तर ती शेवटी ठेवा, जितकी एप्रिलच्या अखेरीस तितकी बरी. अ‍ॅमस्टरडॅम ते पॅरिस थेट रेल्वेने साडेतीन तासांच्या आत होतं. पॅरिसच्या सेंट लझार स्टेशनवरून जिव्हर्नीजवळच्या व्हर्नोंला पाऊण-एक तास, तिथून बस. वडिलांचे गुडघे बघता पॅरिसला तीन रात्री ठेवल्याशिवाय हे करू नका.

चार देशांची सहल मी तुमच्यासाठी निवडणार नाही. दहा दिवसांत चार देश म्हणजे रोज बॅगा बांधणं आणि बसमध्ये बसणं, आणि फुलं तुमच्या वेळेवर थांबत नाहीत. माझा आराखडा असा: 17 एप्रिलच्या आसपास स्किपोलला उतरून लायडनमध्ये सहा रात्री. पहिला दिवस आराम आणि विद्यापीठाची वनस्पतिबाग. मग हवामान बघून एक दिवस क्यूकेनहॉफ, एक दिवस गाडीने शेतं, एक दिवस लिमेन किंवा हार्लेम, एक दिवस काहीही न ठरवलेला. हा मोकळा दिवस कापू नका. पावसाने शेतांचा दिवस बुडाला तर तो तिथे सरकवता येतो, सहलीची सगळी लवचिकता त्या एका दिवसात आहे. त्यानंतर तीन रात्री पॅरिस आणि जिव्हर्नी, किंवा फ्रान्स नको असेल तर तेच दिवस हेग आणि अ‍ॅमस्टरडॅमला. कामावरून सुट्टी मिळण्याच्या तारखाच वेगळ्या असतील तर हे सगळं बदलेल. मार्चअखेरच जाणं भाग असेल तर जरूर जा, पण आईंना आधीच सांगा की आपण डॅफोडिल आणि हायसिंथ बघायला चाललोय, ट्युलिप बागेच्या दालनांत भेटतील.

खोल्या आधी, बाकी नंतर. एप्रिलसाठी लायडनच्या खोल्या हिवाळ्यातच भरायला लागतात, म्हणून रद्द करता येण्याजोगी खोली शक्य तितक्या लवकर धरून ठेवा. शेंगेन व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; नियमाने किमान पंधरा दिवस आधी, प्रत्यक्षात जानेवारीतच करून टाका, वसंताच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. वरच्या आराखड्यात तो नेदरलँड्सकडे जाईल. क्यूकेनहॉफचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर घेतलं तरी सकाळी आठची वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी बहुधा मिळते, ईस्टर जवळ असेल तर मात्र थांबू नका.

शेवटचा प्रश्न कंदांचा. वसंतात जे फुललंय ते त्या वेळी विकत घेऊन नेण्यासारखं नसतं. कंद उन्हाळ्यात काढतात आणि शरदात विकतात. क्यूकेनहॉफमध्ये आवडलेले वाण निवडून मागणी नोंदवता येते, माल शरदात पाठवतात, पण तो कुठल्या देशांत पाठवतात हे तिथेच विचारून घ्या. युरोपीय संघाबाहेर नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसलेली पिशवी विमानतळावर काढून घेतली जाऊ शकते, म्हणून रस्त्यावरच्या दुकानातून कंद उचलू नका. आणि जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे ट्युलिपला लागणारी थंडी फ्रीजमध्ये द्यावी लागते: कागदी पिशवीत, बारा आठवड्यांहून अधिक, आणि फळांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. आईंची एवढी तयारी असेल तर दहा-बारा कंद मागवून बघा. एकाच रंगाचे, लवकर फुलणारे वाण निवडा, ते त्यातल्या त्यात कमी हट्टी असतात.